कडता

एकतीस वर्षं मी रताळी तोललीत,
बेळगुंदीची, उचगावची, कडोलीची,
लाल मातीसकट पोत्यात शिवलेली.
पोत्यामागे दोन किलो कडता धरायचा,
मातीचा आणि ओलीचा.
शेतकरी कुरकुरतो, व्यापारी दुसरीकडे बघतो,
तोलार काट्याकडे.
काट्याला भाषा नसते, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग कुणीतरी माझंच रक्त तोललं,
टिळकवाडीत, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवून,
आणि आकडा असा आला
की डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा घातला.
खाण्याचं सांगायला शेजारच्या खोलीत बाई होत्या,
धारवाडकडच्या, हिरेमठ म्हणून.
चांगल्या होत्या. सावकाश बोलत होत्या.
मला बाजाराचं कानडी येतं:
दर, पोती, हमाली, पैसे उद्या.
दवाखान्याचं येत नाही.
"अन्ना कडिमी माड्री," त्या म्हणाल्या.
मी मान डोलावली.
अन्न कमी करा. एवढं कुणालाही कळतं.

कलावतीनं सगळंच निम्मं केलं.
निम्मी भाकरी, निम्मी मुगाची उसळ,
पुंडीपल्ल्या घासभर, अगशीची चटणी बोटावर.
भात तेवढा ठेवला होता तसाच.
"भात हलका," म्हणाली,
"आजाऱ्याला आपण भातच घालतो की."
चारला पोटात खड्डा पडायचा,
मग चहात बुडवून चार बटर.
ते काय जेवण असतं?
संकष्टीला साबुदाणा, वर उकडलेलं रताळं, गूळ लावून.
तो तर उपास.

तीन आठवड्यांनी आकडा होता तिथंच, जरा वरच.
मी दोन किलो उतरलो होतो,
पोत्यामागच्या कडत्याएवढा.

एका मंगळवारी काट्यासमोरच डोळ्यांपुढे अंधारी आली.
बसवराज हमालानं बगलेत हात घालून धरलं,
पोतं धरावं तसं, आणि भिंतीला टेकवलं.
काय खाल्लं विचारलं. मी सांगितलं.
बाई काय म्हणाल्या, तेही सांगितलं.
तो इतका हसला की खांद्यावरचा टॉवेल पडला.
"अन्ना म्हंजे भात की हो मामा!
अन्न न्हवं!"

एका कान्याचा फरक.
आमच्यात अन्न म्हणजे सगळं ताट,
त्यांच्यात एक वाटी,
आणि मी त्या दोहोंच्या मध्ये उपाशी.

बसवराजनं डबा उघडला.
जोंधळ्याच्या तीन भाकऱ्या, हुलग्याची आमटी,
मेथीची कच्ची पानं, अख्खा कांदा,
शेवटी मूठभर भात, ताकात.
पण तो दिवसाला दीडशे पोती उचलतो.
मी पेन उचलतो.
त्याच्या तीन भाकऱ्या माझ्या नव्हेत.

पुन्हा गेलो, कलावतीला घेऊन.
हिरेमठबाईंनी कागदाच्या पाठीवर ताट काढलं:
अर्ध्यात भाजी, पावात डाळ, उरलेल्या पावात
भात, नाहीतर भाकरी, नाहीतर रताळं.
तिन्ही नाही. एक.
"रताळं भाजीत धरायचं नाही," म्हणाल्या,
या वेळी मराठीत, जपून.
ते मला लागलं.
एकतीस वर्षं मी ते भाजीच्या यार्डात तोललं.

आता स्टीलची एक वाटी ठरलीय, काठाला पोचा आलेली.
कलावती इंटाणचा भात भरते,
अंगठ्यानं सपाट करते.
मी म्हणतो, कडता धर.
ती हसून एक चमचा काढते
आणि आपल्या ताटात टाकते.

काल मी पहिल्यांदा तिच्या ताटाकडे बघितलं.
माझ्या निम्म्या भाकऱ्या, माझे चमचे,
पातेल्याच्या तळाचा भात, टाकवत नाही म्हणून,
उसळीचं नुसतं पाणी.
तिचं रक्त अजून कुणी तोललेलं नाही.